तिसरा बावटा

"एकदा वाजलं तर लाल. दोनदा वाजलं तर हिरवा. नाय वाजलं तर पांढरा," आबा म्हणाले. "हां, आता वाजव."

ते पडवीत भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि मी त्यांच्या मागे चार हातांवर उभी होते. मी डावा हात जरा झटकला. काचेच्या बांगड्या एकदा किणकिणल्या.

"लाल."

मी दोनदा झटकला.

"हिरवा."

मग मी नुसतीच उभी राहिले. आबाही थांबले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पांढरा. पण शेवंते, उद्या मध्ये इतका वेळ काढू नको गो. सायबाला वाटेल, म्हातारा उभ्या उभ्या झोपला."

ते स्वतःच हसले. मलाही हसू आलं. दुसऱ्या दिवशी बंदरखात्याचे साहेब त्यांची नजर तपासायला येणार होते. पलीकडच्या काठावर शिपाई बावटा धरणार आणि अलीकडच्या धक्क्यावर उभं राहून आबांनी त्याचा रंग सांगायचा, असं पत्रात लिहिलं होतं. चार बावटे. चारही बरोबर सांगितले तर परवाना पुढे चालू, नाही तर बंद.

आबा म्हणजे राघो डोर्लेकर. आमच्या कोंडशी गावातून खाडीपलीकडच्या मुरवण्याला जाणाऱ्या होडीचे ते तांडेल, होडी तेच हाकायचे. शाळा, बाजार, दवाखाना सगळं मुरवण्याला, त्यामुळे अख्खं कोंडशी रोज आबांच्या होडीत बसायचं. टपालाची थैलीही त्यांच्याच होडीतून यायची. तीस वर्षांत त्यांच्या हातून साधा कुणाचा टोपलीतला आंबाही पाण्यात पडला नव्हता. पण मी मॅट्रिक झाले त्या सुमारास त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरायला लागला. त्यांच्या एका काकांचा डोळा ऑपरेशनमध्ये गेला होता, म्हणून ऑपरेशनचं नाव काढलं की ते उठून जायचे. आई तेव्हा नुकतीच वारली होती. घरात थोरला भाऊ जनूदादा, वहिनी, आबा आणि मी.

एके दिवशी आबा मला म्हणाले, चल, होडीत पुढे येऊन बस, घरात बसून काय करतेस. मी गेले. पुढच्या टोकाला बसले. खाडीच्या मध्यावर पाण्याखाली एक खडक आहे. मुरवण्याच्या देवळाचा कळस आणि त्यामागचा जोडमाड एका रेषेत आले, की होडी उजवीकडे घ्यायची, म्हणजे खडक डावीकडे राहतो. त्या दिवशी कळस आणि माड एका रेषेत आले, रेषेतून सुटायला लागले, तरी आबा वळेनात. मी सहज म्हणाले, "आबा, कळस मागे चालला." त्यांनी झटकन सुकाणू फिरवलं. काठाला लागल्यावर मला एवढंच म्हणाले, "उद्यापण ये."

पुढची चार वर्षं मी रोज गेले. लोकांना वाटायचं, पोरगी बापाशी गप्पा मारतेय. "कळस आला, आबा." "समोरून बाळ्याची होडी येतेय, आबा." "पाणी उतरलंय, वाळू वर आलीय." तो आमचा दोघांचा खेळ होता असं सुरुवातीला मला वाटायचं. मग कधीतरी खेळ वाटेनासा झाला. मी आजारी पडायला भिऊ लागले. मावशीच्या मुलीच्या लग्नाला मी गेले नाही. पण तसं मी बोलून दाखवलं नाही आणि आबांनी विचारलं नाही.

चैत्रात मला ताप आला. तीन दिवस मी अंथरुणात होते आणि आबा एकटे गेले. दोन दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारच्या उन्हात, बाजाराला जाणाऱ्या बायांनी भरलेली होडी त्यांनी खडकावर घातली. होडी फुटली नाही, एका अंगावर कलली. मुरवण्याची हसीनाबी पाण्यात पडली. दोघींनी तिला केसांना धरून वर ओढलं. मनगट मोडलं, जीव वाचला. आबांनी लोकांना सांगितलं की पाण्याला ओढ जास्त होती. लोकांनी मानलं. संध्याकाळी ते माझ्या उशाशी येऊन बसले आणि म्हणाले, "कळस दिसलाच नाय गो."

त्यानंतर पंधरा दिवसांनी बंदरखात्याकडे एक अर्ज गेला. खाली नाव नव्हतं. तांडेलाला दिसत नाही, चौकशी व्हावी. तो कुणी लिहिला हे आमच्या घरात सगळ्यांना कळलं होतं, आबांनाही कळलं असावं. जनूदादा दुसऱ्याच्या लाँचवर खलाशी होता. आबांचा परवाना गेला, तर होडी त्याच्याकडे येणार होती. पण हसीनाबीला पाहायला मुरवण्याला जाऊन आल्यापासून तो दोन दिवस जेवला नव्हता, हेही मी पाहिलं होतं. त्याच्या मनात काय किती होतं, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही.

पडवीतली तालीम झाली त्या दुपारी मी मागल्या दारी धुणं वाळत घालत होते, तेव्हा तो आला. बांगड्यांचं त्याला वहिनीकडून कळलं होतं.

"तू उद्या काय करणारेस?" त्याने विचारलं.

मी पिळलेलं पातळ दोरीवर टाकलं.

"हे बघ, तुला खोटं बोल असं मी सांगत नाय. फक्त गप्प उभी राहा. हात हलवू नको. मग ते चारही पांढरे सांगतील आणि पुढचं साहेब बघेल. आपण काय केलं असं होणार नाय."

"आणि आबांनी विचारलं तर?"

"हात आखडला म्हणून सांग. घाबरले म्हणून सांग." तो दोरीवरचं पातळ उगीच सरळ करत राहिला. "हसीनाबी वाचली. पुढच्या वेळी शाळेची पोरं असली तर? तू किती वर्षं बसणारेस तिथे, पुढच्या टोकाला?"

मी बादलीतलं पुढचं कापड उचललं. मग तो आवाज उतरवून म्हणाला, "तुझ्या त्या कागदाचंही मला माहीत आहे. रत्नागिरीला मी पोचवीन तुला."

तो कागद डी.एड.च्या प्रवेशाचा होता. मी कुणाला न सांगता अर्ज केला होता आणि आठ दिवसांपूर्वी उत्तर आलं होतं. महिनाअखेरपर्यंत हजर व्हायचं होतं. ते पाकीट मी तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. जाणार नाही हे मला माहीत होतं. तरी फाडून टाकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलेलं होतं. मिरगाच्या आधीचे दिवस, पाऊस नव्हता, पण ऊनही नव्हतं. खाडीचं पाणी शिशासारखं दिसत होतं. आबांनी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि परवान्याचा कागद फडक्यात बांधून खिशात ठेवला. धक्क्यावर पंधरा-वीस माणसं जमली होती. जनूदादा होडीचा दोर धरून पायरीवर उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

साहेब चांगला माणूस होता. आबांना म्हणाला, तांडेल, बसून सांगितलंत तरी चालेल. आबा म्हणाले, तीस वर्षं उभ्यानेच पलीकडे बघतोय, आजही उभाच राहीन. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले, हातात त्यांची छत्री घेऊन. कुणाला काही वावगं वाटलं नाही. मी नेहमीच त्यांच्या मागे-पुढे असायची.

पलीकडे शिपायाने बावटा वर केला. लाल.

जनूदादाचं सगळं बोलणं माझ्या डोक्यात होतं. तरी माझा हात आपला आपण हलला. एकदा.

"लाल," आबा म्हणाले.

साहेबाने वहीत खूण केली. दुसरा बावटा पांढरा होता. तिथे काही करायचंच नव्हतं. आबा फार वेळ न लावता म्हणाले, "पांढरा." लोकांत जरा कुजबुज झाली, कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला दिसतंय की. मला बरं वाटलं. आबांची पाठ ताठ झाली होती. अजून दोन, मग घरी जायचं, उद्या सकाळी होडीवर, परवा होडीवर, असं माझ्या मनात आलं. त्याचा मला राग आला होता का, आनंद झाला होता का, हे आजही सांगता येत नाही.

तिसरा बावटा वर गेला. लाल होता. मला स्वच्छ दिसत होता.

मी हात झटकला. आणि पुन्हा झटकला.

दोनदा वाजल्याचं माझ्या कानांनी ऐकलं तेव्हा मला कळलं. गप्प राहायचं सांगितलं होतं दादाने. बरोबर सांगायचं ठरलं होतं आबांशी. मी दोन्हीपैकी काहीच केलं नव्हतं.

आबा बोलेनात. त्यांची मान जरा डावीकडे, माझ्या बाजूला वळल्यासारखी झाली आणि मध्येच थांबली. मला त्यांचा कान आणि गालाचा थोडासा भाग दिसला. साहेब म्हणाला, "सावकाश, तांडेल. घाई नाही. परत बघा."

आबांनी परत पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"हिरवा," ते म्हणाले.

चौथा बावटा खरंच हिरवा होता. आता तरी दोनदा वाजवावं असं वाटलं, पण हात छत्रीच्या दांड्याला चिकटल्यासारखा झाला होता. मी वाजवलं नाही. आबा थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "पांढरा."

साहेबाने वही मिटली. डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या आणि पुन्हा अर्ज करा, मी स्वतः येईन, असं तो म्हणाला. आबांनी खिशातून फडकं काढलं, गाठ सोडली, कागद त्याच्या हातात दिला आणि फडकं परत घडी करून खिशात ठेवलं. मग पायऱ्या उतरून जनूदादाजवळ गेले. मला वाटलं, आता त्याच्या कानफटात मारतील. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टेकून होडीत पाय ठेवला आणि सुकाणूचा दांडा दाखवून त्याला समजावू लागले की हा ओहोटीला डावीकडे ओढतो, जोर कुठे द्यायचा ते. जनूदादा मान हलवत होता आणि रडत होता.

घरी आल्यावर मी वाट पाहत बसले की आबा मला विचारतील. काय उत्तर द्यायचं ते मी जुळवत होते. घाबरले, लाल आणि हिरव्यात घोटाळा झाला, वारा होता म्हणून बांगड्या आपोआप वाजल्या. त्यांनी काही विचारलं नाही. जेवले, हात धुतले आणि जाता जाता म्हणाले, "उद्यापासून तुला होडीवर यायची गरज नाय."

यात राग होता की मोकळीक होती, मला कळलं नाही. मी चार-पाच दिवस त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत काढले. चेहरा नेहमीसारखाच होता. शेवटी मीच पाकीट काढून त्यांच्यापुढे धरलं आणि रत्नागिरीचं सांगितलं. ते म्हणाले, "बरं." निघायच्या दिवशी माझी ट्रंक त्यांनीच डोक्यावर घेतली, मला उचलू दिली नाही. जनूदादाच्या होडीत ते इतर माणसांसारखे मधल्या फळीवर बसले आणि पाण्याकडे पाहत राहिले.

मी शिक्षिका झाले. पुढे लांज्याजवळच्या एका गावात नोकरी लागली, तिथेच लग्न झालं. जनूदादाने होडी चांगली चालवली. त्याच्या हातून कुणाला इजा झाली नाही. आबा कोंडशीला धक्क्यावर बसून असायचे, म्हणजे वहिनी पत्रात तसं लिहायची. मी सुट्टीत जायची तेव्हा ते माझी चौकशी करायचे, शाळेत पोरं किती, घराला विहीर जवळ आहे ना. तिसऱ्या बावट्याचा विषय कधी निघाला नाही.

अकरा वर्षांनी त्यांना अगदीच दिसेनासं झालं, तेव्हा मी हट्टाने त्यांना माझ्याकडे आणलं आणि रत्नागिरीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. डोळ्यांत बॅटरी मारून बघता बघता त्यांनी विचारलं, "आजोबा, सुरुवातीला कसं होतं? उन्हात धुरकट, आणि ढगाळ दिवसात जरा बरं दिसायचं, असं काही व्हायचं का?"

"व्हायचं तर," आबा म्हणाले. "आभाळ आलं की झकास दिसायचं. ऊन पडलं की सगळं पांढरं."

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. डॉक्टर पुढे बरंच काही सांगत होते, ऑपरेशनची तारीख, थेंब कधी घालायचे. मी मान हलवत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे शिशासारखं पाणी होतं.

एस.टी. स्टँडच्या कॅन्टीनमध्ये मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. कप त्यांच्या हाताला लावून दिला. विचारू नये असं वाटत असतानाच मी विचारलं.

"आबा, साहेब आले होते त्या दिवशी आभाळ होतं."

"होतं."

"मग तुम्हाला दिसत होतं?"

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "चारही दिसले."

"तिसरा?"

"लाल होता."

"मग हिरवा का म्हणालात?"

"तू दोनदा वाजवलंस," आबा म्हणाले. जणू यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

मी माझा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "पण दिसत होतं ना तुम्हाला."

"माझ्या नजरेवर मी चार वर्षं होडी हाकली नव्हती. तुझ्या सांगण्यावर हाकली होती."

"आणि चौथा?"

त्यांनी बशी खाली ठेवली, मिशी पुसली. लांज्याची गाडी लागल्याचं कुणीतरी ओरडत होतं. ते उठले आणि माझा खांदा शोधत म्हणाले, "चल, जागा नाय मिळायची."

गाडीत ते माझ्या शेजारी बसून झोपले. मी सगळा रस्ता तेच उलटसुलट करत होते. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवला, असं म्हणावं, तर मग चौथ्याला, मी वाजवलं नाही तेव्हा, इतकं थांबले कशाला. तिसऱ्यालाच त्यांना माझं मन कळलं आणि मला हवं ते त्यांनी देऊन टाकलं, असं म्हणावं, तर मग ती मान वळता वळता का थांबली. एका अर्थाने मी बापाचा गळा कापला होता. दुसऱ्या अर्थाने मी काहीच केलं नव्हतं, सगळं त्यांनी केलं होतं. कुठलं मला जास्त सोसवलं असतं तेही मला ठरवता येईना.

ऑपरेशन चांगलं झालं. जाड भिंगांचा चष्मा लागला, पेपरातले मथळे वाचू लागले. त्यानंतर ते सहा वर्षं माझ्याकडेच राहिले. विचारायला वेळ भरपूर होता. मी विचारलं नाही.

ते गेल्यावर दहाव्याचं सगळं कोंडशीला केलं. कावळा शिवला आणि माणसं पांगली, तेव्हा मी आणि जनूदादा खाडीच्या काठावर मागे राहिलो. त्याचेही केस पांढरे झाले होते. कोरडं नेसून बराच वेळ तो उतरवलेल्या ओल्या धोतराचा सोगा पिळत उभा होता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मी तुला गप्प उभी राहा म्हटलं होतं. तू वाजवलंस."

"हो."

"दोनदा. मला पायरीवरून ऐकू आलं. आणि बावटा लाल होता."

मी मान हलवली. सतरा वर्षं मी या प्रश्नाची उत्तरं तयार ठेवली होती. हसीनाबीचं मनगट, तांदळाच्या डब्यातलं पाकीट, चार वर्षांचे सगळे दिवस. एकही तोंडातून निघेना, कारण हात हलला त्या क्षणी यातलं काहीच माझ्या मनात नव्हतं. तिथे काही नव्हतंच.

जनूदादाने माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. "मला तेव्हाच कळलं," तो म्हणाला. "आबांनीच तुला तसं सांगून ठेवलं होतं ना? तिसऱ्याला चूक वाजव म्हणून? त्यांना होडी सोडायचीच होती, पण स्वतः सोडली असं चारचौघांत दिसू द्यायचं नव्हतं. म्हाताऱ्याला मी ओळखून होतो. म्हणून तर मी त्या होडीवर इतकी वर्षं सुखाने बसलो. नाय तर मला झोप लागली असती काय, शेवंते?"

तो माझ्याकडे पाहत होता. लहानपणी काही फोडलं की आईकडे पाहायचा तसा.

मी "हो" म्हणाले नाही. "नाही"ही म्हणाले नाही. त्याच्या हातातला सोगा घेतला, दुसरं टोक त्याच्याकडे दिलं, आणि आम्ही दोघांनी मिळून ते धोतर पिळलं.